स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज देण्याआधी बाकीचे कागद

ताई, तुमचं म्हणणं मी दोनदा वाचलं. थोडक्यात मांडते, म्हणजे मला नीट समजलंय की नाही हे तुम्हाला कळेल. तुम्ही राज्य शासनाच्या एका जिल्हास्तरीय कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहात. वय ४७, नोकरीला लागलात ऑगस्ट २००४ मध्ये, म्हणजे २१ वर्षं ४ महिने झाले. सासऱ्यांना अर्धांगवायू झाला म्हणून १४ महिने रजेवर होतात: आधी अर्जित रजा, मग अर्धवेतनी, आणि शेवटचे ८ महिने असाधारण, म्हणजे बिनपगारी रजा. सासरे गेले. तुम्ही कामावर परत आलात, तर लेख्याचं (हिशेबाचं) टेबल दुसऱ्याकडे गेलेलं. तुम्हाला आवक-जावकला बसवलं. गोपनीय अहवालातली प्रत (साहेबांनी वर्षाच्या कामाला दिलेला दर्जा) एका पायरीने खाली आली. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमचा काय भरवसा, परत कधी रजेवर जाल." याला चार महिने झालेत. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून पर्समध्ये ठेवलाय आणि तो द्यावा का, असं विचारताय.

मी आस्थापना शाखेत २६ वर्षं काढली. त्यातला बराच काळ सेवापुस्तकं आणि निवृत्तिवेतन प्रकरणं हेच काम होतं. त्या टेबलावर बसून एक सवय लागते. समोर माणूस रडवेला होऊन बसला, तरी आपण मनात विचारतो की याला नेमका कोणता कागद हवाय? ही सवय कोरडी वाटेल, पण तुमच्या प्रश्नात तीच उपयोगी पडेल. तुमची चार दुखणी आहेत आणि अर्ज एकच. त्यातल्या तीन दुखण्यांचे कागद वेगळे आहेत.

टेबल गेलं, हे पहिलं. त्याच कार्यालयात टेबल बदललं तर ती नियमाप्रमाणे बदली होत नाही. कामाची वाटणी कार्यालयप्रमुखाच्या हातात असते, म्हणून "माझं टेबल परत द्या" हा हक्क म्हणून मागता येणार नाही. लेखी विनंती मात्र करता येते. आधी कोणतं काम किती वर्षं केलं, कोणती प्रशिक्षणं झाली, लेखापरीक्षणाचे किती आक्षेप निकाली काढले, हे एका पानात लिहायचं आणि कार्यवाटपात विचार व्हावा म्हणायचं. अर्जात तक्रार एका ओळीचीही नको. अर्ज आवकला नोंदवून घ्या. आता तर ती नोंदवही तुमच्याच हाताखाली आहे. उत्तर आलं नाही तरी कागद मागे राहतो आणि पुढच्या साहेबांच्या वेळी तो उपयोगी येतो.

दुसरं दुखणं गोपनीय अहवालाचं. इथे तुमची बाजू तुम्हाला वाटते त्यापेक्षा बळकट असू शकते. २००८ मध्ये देव दत्त विरुद्ध भारत सरकार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अहवालातली प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे, फक्त प्रतिकूल नोंद कळवून भागत नाही. म्हणजे प्रत खाली आणली तर ती तुम्हाला कळलीच पाहिजे आणि तिच्यावर अभिवेदन (आपलं लेखी म्हणणं) द्यायची संधी मिळालीच पाहिजे. शिवाय अहवाल लिहिणाऱ्याने तुमचं काम पुरेसा काळ पाहिलेलं असावं लागतं. अहवालाच्या वर्षातला बहुतेक काळ तुम्ही मंजूर रजेवर होतात. मग त्यांनी नेमकं कोणत्या महिन्यांचं काम पाहून प्रत दिली? हा प्रश्न अभिवेदनात शांतपणे विचारा. "मंजूर रजा हे प्रत कमी करण्याचं कारण होऊ शकत नाही" एवढं वाक्य पुरे. मुदत मात्र चुकवू नका. अहवाल कळवल्याची तारीख आजच बघा. चार महिन्यांत तुमच्या लक्षात न येता ती मुदत सरत आली असेल तर सगळ्यात आधी हेच काम.

तिसरं, साहेबांचं बोलणं. त्याच्यावर माझ्याकडे कागद नाही, खरं सांगते. पण साहेबांचाही पदावधी असतो. महाराष्ट्राच्या २००५ च्या बदल्यांच्या अधिनियमाप्रमाणे सर्वसाधारण पदावधी ३ वर्षांचा आणि नेहमीच्या बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात. तुमचे साहेब तिथे किती वर्षं आहेत? तुम्हालाही विनंती बदली मागता येते. जो माणूस दोन वर्षांत तिथे नसेल, त्याच्या एका वाक्यासाठी अकरा वर्षांचा निर्णय घेतलेला मी पाहिलाय आणि त्याचा पश्चात्तापही पाहिलाय.

चौथं दुखणं तुम्ही प्रश्नाच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंत. मला ते सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं. तुम्ही लिहिता, "मुलगी अकरावीत आहे, आणि गेल्या दोन वर्षांत मी घरातली कुणाचीच राहिले नाही असं वाटतं." ताई, हे ऑफिसचं दुखणं नाही. १४ महिने अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा करायची, त्याला आपल्या हातांनी निरोप द्यायचा आणि दिवसकार्य आटोपताच टेबलावर येऊन बसायचं. शरीर परत येतं, मन यायला वेळ लागतो. तेवढ्यात कुणी तुमची खुर्ची हलवली की सगळं दुःख त्या खुर्चीवर जाऊन बसतं. राग खुर्चीचा वाटतो, पण त्याच्या खाली थकवा असतो. यासाठी आधी रजा बघा. राज्य शासनाने २०१८ मध्ये बालसंगोपन रजा सुरू केली. संपूर्ण सेवेत १८० दिवस, अपत्य १८ वर्षांचं होईपर्यंत. ती तुमच्या अर्जित रजेच्या खात्यातून वजा होत नाही. मुलगी अकरावीत म्हणजे तुमच्याकडे ही रजा वापरायला दीड-दोन वर्षंच उरली असतील. आधी वापरली नसेल तर बारावीच्या वर्षात ती तुकड्यांनी घेता येते. "आत्ताच आले, पुन्हा रजा कशी मागू" हा संकोच मला कळतो. पण रजा मागायचा संकोच वाटतो म्हणून नोकरी सोडणं हा फार महागडा संकोच आहे.

आता अर्जाकडे येते. इथे सगळं तुमच्या तारखांवर आणि सेवापुस्तकातल्या नोंदींवर अवलंबून आहे. मी सांगते तो हिशेब तुम्ही लिहिलेल्या माहितीवर केलाय.

तुम्ही १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलात, म्हणून तुम्हाला जुनी निवृत्तिवेतन योजना लागू आहे. (नंतर लागलेल्या कुणी हे वाचत असेल तर पुढचा हिशेब स्वतःला लावू नका. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत मुदतीआधी बाहेर पडलं तर जमा रकमेतल्या मोठ्या भागाची वार्षिकी (हप्त्यांनी पैसे देणारी योजना) घ्यावी लागते. केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून आणलेल्या एकीकृत योजनेत स्वेच्छानिवृत्तीला २५ वर्षं लागतात आणि निवृत्तिवेतन नियत वयाच्या तारखेपासून सुरू होतं. चित्रच वेगळं आहे.) जुन्या योजनेत महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधला नियम ६६ तुम्हाला लागू होतो: २० वर्षं अर्हताकारी (निवृत्तिवेतनासाठी धरली जाणारी) सेवा आणि ३ महिन्यांची लेखी नोटीस.

"अर्हताकारी" या शब्दापाशी थांबा. कौटुंबिक कारणाने दीर्घ रजा घेतलेल्या लोकांची प्रकरणं इथेच अडकतात. अर्जित आणि अर्धवेतनी रजा सेवेत धरली जाते. असाधारण रजा स्वतःच्या वैद्यकीय प्रमाणपत्रावर नसेल तर सामान्यपणे धरली जात नाही. सासऱ्यांचं आजारपण हे तुमचं वैद्यकीय प्रमाणपत्र होत नाही. म्हणून २१ वर्षं ४ महिन्यांतून ते ८ महिने वजा करा. उरतात २० वर्षं ८ महिने. तुम्ही पात्र आहात, पण काठावर. सुरुवातीच्या काळात एखादा तात्पुरत्या नियुक्तीचा तुकडा नियमित केलेला नसेल, एखाद्या संपाचे दिवस किंवा जुनी बिनपगारी गैरहजेरी कशी धरली याची नोंद नसेल, तर हे आठ महिने बघताबघता संपतात. असाधारण रजेमुळे वेतनवाढीची तारीखही पुढे गेली असेल. ती बरोबर काढली आहे का बघा. अशा नोंदी कित्येकदा रजा संपल्यावर वर्षभराने कुणीतरी घाईत केलेल्या असतात.

म्हणून अर्जाच्या आधीचा कागद: "माझी अर्हताकारी सेवा पडताळून लेखी कळवावी." आणि सेवापुस्तक स्वतः बघा. दुय्यम सेवापुस्तक तुमच्याकडे असेल तर दोन्ही समोरासमोर ठेवा. तुमच्या २० वर्षांमुळे आणखी एक गोष्ट तातडीची झाली आहे. सुधारित सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजनेत, म्हणजे पदोन्नती न मिळालेल्यांना वरचं वेतन देणाऱ्या योजनेत, १०, २० आणि ३० वर्षांच्या नियमित सेवेवर लाभ मिळतात. तुम्हाला २० वर्षांचा लाभ देय असेल, तर तो मंजूर झालाय का? वेतननिश्चिती झाली का? निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनावर ठरतं. हा लाभ मंजूर व्हायच्या आधी बाहेर पडलात, तर कमी वेतनावर प्रकरण तयार होईल आणि सुधारणा करून घेण्यासाठी तुम्हाला निवृत्त माणसासारखं कार्यालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतील. मी अशा पायऱ्या चढणारी माणसं रोज पाहिली आहेत. खुर्चीवर असताना जो कागद दोन आठवड्यांत होतो, त्याला बाहेरून दोन वर्षं लागू शकतात. वेतन पडताळणी पथकाचा शिक्का नसला तर प्रकरण महालेखापालांकडून परत येतं, तेही लक्षात ठेवा.

आकडे बघू. समजा तुमचं मूळ वेतन ६०,००० आहे (तुमचं तुम्ही घाला). निवृत्तिवेतन त्याच्या निम्मं, म्हणजे ३०,०००, अधिक त्यावरचा महागाई भत्ता. घरभाडे भत्ता बंद होतो. ५८ पर्यंत थांबलात तर वर्षाला सुमारे ३ टक्के वेतनवाढ धरून ११ वर्षांनी मूळ वेतन ८३,००० च्या आसपास जातं आणि निवृत्तिवेतन ४१,५०० च्या. पदोन्नती, तिसरा लाभ आणि पुढचा वेतन आयोग यात धरलेला नाही. उपदान (ग्रॅच्युइटी) दर पूर्ण सहामाहीला वेतनाच्या एक चतुर्थांश मिळतं, कमाल १६.५ पट. नोटिशीचे तीन महिने धरून आज तुम्हाला वेतनाच्या साधारण १०.५ पट मिळेल. ५८ पर्यंत थांबलात तर १५.७५ पट, आणि तेही वाढलेल्या वेतनाच्या. रजा रोखीकरणाची कमाल ३०० दिवसांची असते, पण सासऱ्यांच्या वेळी तुम्ही अर्जित रजा खर्च केली आहे. खात्यात किती उरली? दर वर्षी ३० दिवस जमा होतात, म्हणजे ते खातं पुन्हा भरायलाही काळ लागतो. अंशराशीकरणात निवृत्तिवेतनाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग एकरकमी घेता येतो आणि तो भाग १५ वर्षांनी पुन्हा सुरू होतो. मुलीच्या शिक्षणासाठी ही रक्कम मोहात पाडते. पण ती घेतलीत तर महिन्याला हातात येणारा आकडा ३०,००० नसून १८,००० अधिक महागाई भत्ता असा होईल. तो आकडा कागदावर लिहून घरात मोठ्याने वाचा.

वैद्यकीय बाजूही बघा. सेवेत असताना खर्चाची प्रतिपूर्ती आहे. बाहेर पडल्यावर आरोग्य विमा आपला आपण बघायचा, आणि त्यात आधीच्या आजारांना ३६ महिन्यांपर्यंत प्रतीक्षा असू शकते. तुम्हाला किंवा यजमानांना रक्तदाब, साखर काही असेल तर विमा आधी, अर्ज नंतर.

हा सगळा हिशेब "सोडू नका" असं सांगायला मांडला नाही. माझ्या टेबलावरून गेलेली एक बाई मला अजून आठवते. २२ वर्षं सेवा झालेली, घरी कायम सांभाळावं लागणारं मूल. दोनदा दीर्घ रजा घेऊन परत आल्या. ऑफिसने त्यांना चांगलं वागवलं, टेबलही तेच होतं, तरी त्यांनी निवृत्ती घेतली. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "इथे माझी काहीच तक्रार नाही. मला घरी असायचंय." त्यांच्याकडे कोणताही दुसरा कागद नेला असता तरी उत्तर तेच आलं असतं. तो अर्ज मी मनापासून पुढे पाठवला.

माझीही एक गोष्ट सांगते. आईच्या आजारपणात मी सात महिने रजेवर होते. परत आले तेव्हा माझी आस्थापना गेली होती आणि मला अभिलेख कक्षात बसवलं होतं. धुळीत, खिडकी नसलेल्या खोलीत. मला तेव्हा जावंसं वाटलं, अगदी तुमच्यासारखंच. पण माझी १७ वर्षंच झाली होती, नियम ६६ मला दार उघडत नव्हता. नाइलाजाने मी कामाच्या वाटणीसाठी अर्ज केला, उत्तर आलं नाही, पुन्हा केला. पुढच्या मे महिन्यात साहेब बदलले आणि त्यांच्यापुढे माझे ते दोन अर्ज होते. आस्थापना परत मिळाली. पुढे ५४ व्या वर्षी मी स्वेच्छानिवृत्ती घेतली, वेगळ्या कारणासाठी, आणि त्या दिवशी कुणावरही राग नव्हता. तेव्हा माझी २० वर्षं पूर्ण असती तर मी अर्ज दिला असता आणि आयुष्यभर त्या खिडकी नसलेल्या खोलीला शिव्या देत राहिले असते. दार बंद असणं हे माझं भाग्य होतं. तुमच्यापुढे दार उघडं आहे, म्हणून तुम्हाला जास्त जपायला हवं.

तुमच्या जागी मी असते तर अहवालावरचं अभिवेदन आणि कार्यवाटपाची विनंती याच आठवड्यात दिली असती. सेवापडताळणी मागवली असती. येत्या बदल्यांचा हंगाम जाऊ दिला असता. आणि मग एक प्रश्न विचारला असता: टेबल परत मिळालं, प्रत सुधारली, साहेब बदलले, तरीही जावंसं वाटतंय का? "हो" आलं तर अर्ज द्यावा. तुम्ही मात्र म्हणाल की एक दिवसही तिथे बसवत नाही. तब्येतीवर परिणाम होत असेल, झोप उडाली असेल, तर हे थांबणं मी लादणार नाही. डॉक्टरांना दाखवा, स्वतःच्या वैद्यकीय प्रमाणपत्रावर रजा घ्या. इथे नियम तुमच्या बाजूने आहे, कारण ती रजा सेवेतून वजा होत नाही.

अर्ज द्यायचाच ठरला तर तीन गोष्टी जपा.

त्या अर्जात "राजीनामा" हा शब्द कुठेही येऊ देऊ नका. विषयातही नको, शेवटच्या ओळीतही नको. राजीनामा दिला की आधीची सेवा जप्त होते, निवृत्तिवेतन जातं. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येही राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती वेगळ्या मानल्या आहेत. माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, २४ वर्षं सेवा. रागाच्या भरात दोन ओळींचा राजीनामा लिहून दिला होता आणि तो त्याच दिवशी वर गेला. नंतर त्यांच्यासाठी मी फार काही करू शकले नाही. आजही ते आठवलं की वाईट वाटतं. अर्जाची भाषा साधी ठेवा: "निवृत्तिवेतन नियम, १९८२ च्या नियम ६६ अन्वये अमुक दिनांकापासून स्वेच्छानिवृत्ती मिळावी, ही तीन महिन्यांची नोटीस समजावी." कारण "कौटुंबिक" एवढंच. साहेबांचं वाक्य तिथे लिहू नका.

दुसरी गोष्ट, कार्यालय गप्प बसलं म्हणजे अर्ज पडून आहे असं समजू नका. नोटिशीची मुदत संपण्याआधी सक्षम प्राधिकाऱ्याने नकार कळवला नाही, तर निवृत्ती त्या तारखेला आपोआप लागू होते. अर्ज मागे घ्यायचा असेल तर निवृत्तीच्या तारखेच्या आधी घ्यावा लागतो आणि त्यालाही मंजुरी लागते. अर्ज मागे घेण्याबद्दलच्या बलराम गुप्ता यांच्या १९८७ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कर्मचाऱ्याच्या बाजूने निकाल दिला होता, पण त्यांना त्यासाठी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावं लागलं. "देऊन बघू, नंतर मागे घेऊ" या भरवशावर अर्ज देऊ नका.

तिसरी गोष्ट, रजाखात्यात कुठे "अनर्जित रजा" लिहिली आहे का बघा. म्हणजे पुढे मिळणाऱ्या अर्धवेतनी रजेतून आगाऊ दिलेली रजा. ती फिटायच्या आत स्वेच्छेने निवृत्ती घेतली तर न फिटलेल्या दिवसांचं रजावेतन वसूल होऊ शकतं. १४ महिन्यांची रजा जुळवताना कुणी मधले दिवस असे बसवले असतील, तर उपदानातून कपात झाल्यावर ते कळणं बरं नाही.

पर्समधला अर्ज फाडू नका, पण ऑफिसला जाताना घरी कपाटात ठेवून जा. सेवापुस्तक हाताशी आलं की त्या ८ महिन्यांपुढे नेमकं काय लिहिलंय ते मला शब्दशः कळवा, आणि २० वर्षांच्या लाभाचा आदेश क्रमांक दिसतो का तेही. नुसतं "असाधारण रजा, कौटुंबिक कारणास्तव" असेल तर वरचा हिशेब तसाच राहील. वेगळं काही असेल तर आपण पुन्हा मोजू.